सेकंदाला एक एमबी

कोणतंही काम किती महत्त्वाचं आहे, हे त्याला लागलेल्या वेळावरून ठरतं. जे चटकन होतं ते क्षुल्लक. शिंक चटकन येते, म्हणून तिची कुठे नोंद होत नाही. पेन्शन चटकन येत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, त्याला स्वतंत्र जिना असतो. हे तत्त्व ज्याला कळलं त्याला कार्यालय कळलं, आणि ज्याला कळलं नाही तो काउंटरच्या बाहेर उभा राहून "अजून किती वेळ?" असं विचारत राहतो.

मी काउंटरच्या आतला माणूस. बस डेपोच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक, एकोणीस वर्षं सेवा, एकही ठपका नाही. (ठपका येण्यासाठी आधी काहीतरी करावं लागतं.) गेल्या महिन्यात आमच्याकडे एका संगणकावरून एका हार्डडिस्कवर फुटेज कॉपी करण्याचं काम चार दिवस चाललं. ते इतकं हळू का चाललंय, हे शोधायला एक समिती बसली आणि मी तिचा सदस्य-सचिव होतो. बाहेर त्या चार दिवसांबद्दल ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलतोय. म्हणून ही खरी हकीकत, तिखटमीठ न लावता.

आधी प्रकरण सांगतो. आमच्या एका कंडक्टरबाईंवर आरोप होता की त्यांनी थांब्यावर एका म्हाताऱ्या प्रवाशाला बसमधून ढकललं. बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पडलो एवढं आठवतंय. कसा पडलो ते कसं सांगू? मी तर पायरीकडे बघत होतो." बाईंचं म्हणणं असं की बस थांबायच्या आधीच बाबा उतरायला निघाले, बाईंनी त्यांचा हात धरला आणि तो निसटला. बसमध्ये चार कॅमेरे आहेत. दारावरच्या कॅमेऱ्यात ती चार मिनिटं आलेली आहेत. ढकललं की धरलं, एवढंच त्यात बघायचं. बाई बारा वर्षं नोकरीत, तूर्त निलंबित. सोमवारी चौकशी. फुटेज हजर केलं तर नोकरी राहणार, नाही केलं तर जाणार. घरी नवऱ्याचं शिवणयंत्र आहे, ते हंगामात चालतं. दोन मुली शाळेत जातात, त्या बारा महिने जातात. म्हणजे तसं पाहिलं तर अगदी साधं प्रकरण.

फुटेजच्या बाबतीत आमचे नियम फार विचारपूर्वक केलेले आहेत. प्रत द्यायची ती पूर्ण दिवसाची, सर्व कॅमेऱ्यांची, एकगठ्ठा. चार मिनिटं निवडून देणं म्हणजे कार्यालयाने मत व्यक्त केल्यासारखं होतं, आणि मत व्यक्त करायची कार्यालयाला परवानगी नाही. सबब चार मिनिटांसाठी नव्वद जीबी. शिवाय अर्धवट राहिलेली प्रत ही छेडछाड केलेली प्रत समजली जाते. ती पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आणि शेवटचा नियम: कोणतंही फुटेज तीस दिवसांनंतर आपोआप पुसलं जातं. (आमच्या कार्यालयात आपोआप आणि वेळेवर होणारं हे एकमेव काम आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे.)

बाईंनी घटनेच्या चौथ्या दिवशी अर्ज केला होता. तो तीन टेबलांवरून वर गेला, वर थोडा विसावला, आणि तीन टेबलांवरून खाली आला. सव्विसाव्या दिवशी मंजुरी मिळाली. बावीस दिवसांत मंजुरी हा आमच्या डेपोचा विक्रम आहे, पण त्याबद्दल आम्हाला कुणी साधा चहाही विचारला नाही.

सत्ताविसाव्या दिवशी, मंगळवारी, साडेदहाला कार्यालय उघडायच्या आधीच बाई दारात हजर. सोबत त्यांची नणंद. या नणंदेचं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे, बोलण्याची पट्टी काउंटरच्या काचेतून सहज आत पोचेल अशी, आणि हातात दुकानातून आणलेली कोरी हार्डडिस्क. मी हार्डडिस्क आवक नोंदवहीत चढवली, पोचपावती दिली आणि ऑपरेटरच्या हवाली केली.

इथे आमच्या संगणकाचं वर्णन करणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्या भोकांवर अवलंबून आहे. संगणकाला एकूण चार यूएसबी पोर्ट आहेत. मागचे दोन मूळचे, संगणकाइतकेच म्हातारे. त्यातल्या एकात माउस. दुसऱ्यात चार तोंडांचा एक हब, आणि हबच्या चार तोंडांत अनुक्रमे कीबोर्ड, हजेरीचं अंगठायंत्र, भांडारपालांचा मोबाइल आणि एक रिकामं तोंड, जे पाहुण्यांसाठी राखीव असतं. पुढचे दोन पोर्ट दोन वर्षांपूर्वी निविदा काढून बसवून घेतले. त्यातला काळा पोर्ट व्हायरस शिरू नये म्हणून लाखेने सीलबंद केलेला आहे. (तेव्हापासून त्या पोर्टातून एकही व्हायरस शिरलेला नाही.) दुसरा निळा. हा वेगवान पोर्ट. निविदेच्या कागदावर त्याचं प्रयोजन स्वच्छ लिहिलेलं आहे: 'फुटेजची प्रत जलद काढण्याकरिता.'

निळ्या पोर्टात पंखा लावलेला आहे.

वितभर पंखा. पिवळी वायर. वायर संगणकापासून निघून शेजारच्या साहेबांच्या टेबलावर जाते आणि तिथे पंखा साहेबांच्या खुर्चीकडे तोंड करून फिरत असतो. त्याचं बटण केव्हाच तुटलं, त्यामुळे तो सुरू असतो तेव्हा सुरूच असतो.

हार्डडिस्क हबच्या चौथ्या तोंडात लावली गेली. ऑपरेटरने कॉपीचा हुकूम दिला, पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि खाली वेग दिसू लागला: सेकंदाला एक एमबी. ऑपरेटर मनाने चांगला आहे. त्याने बाईंना काचेतून खूण केली, "येतंय, येतंय."

नणंदेने मात्र उभ्याउभ्याच हिशेब केला. "नव्वद जीबी ना? पंचवीस तास लागतील."

"लागतील," मी म्हणालो. "कार्यालय सात तास चालतं."

"मग?"

"मग साडेपाचला वॉचमन मेन स्विच बंद करतो."

"आणि उद्या?"

"उद्या पहिल्यापासून."

नणंदेने कपाळाला हात लावला. मला या प्रतिक्रियेची सवय आहे. सात तासांत अठ्ठावीस टक्के होतात, साडेपाचला शून्य होतात, हे ज्याला पहिल्यांदा कळतं त्याला जरा धक्का बसतोच. आम्ही त्यातून केव्हाच बाहेर आलो आहोत. (मेन स्विच बंद करण्याचा आदेश सुरक्षेसाठी आहे. एका दुसऱ्या डेपोत एकदा रात्रभर चालू राहिलेल्या इस्त्रीमुळे टेबल जळालं होतं. आमच्या डेपोत इस्त्री नाही, पण टेबल आहे.)

"अहो दादा," नणंद म्हणाली, "माझ्या दुकानात दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह लागतात. तुमचा तो पुढचा निळा पोर्ट आहे ना, त्यात लावा. वीस मिनिटांत होईल. तो पंखा काढा फक्त."

ऑपरेटरने कीबोर्डकडे बघितलं, भांडारपालांनी मोबाइलकडे बघितलं, मी नणंदेकडे बघितलं. बाहेरच्या माणसाला प्रश्न किती सोपे वाटतात! या बाईने दुकान चालवलं असेल, कार्यालय चालवलेलं नाही. मी तिला सौम्य शब्दांत समजावलं की वेग मंद असणं ही तांत्रिक बाब आहे, तांत्रिक बाबीची कारणं अनेक असू शकतात, आणि ती सर्व तपासल्याशिवाय एका पंख्यावर आळ घेणं योग्य होणार नाही. त्याच दुपारी मी 'प्रत हस्तांतरण विलंब निवारण समिती' गठित केली.

समितीत अध्यक्ष साहेब, सदस्य ऑपरेटर, भांडारपाल आणि वायरमन, सदस्य-सचिव मी. साहेब त्या आठवड्यात रजेवर होते, त्यामुळे बैठकीत अध्यक्षस्थानी त्यांची खुर्ची होती. पंखा तिच्यावर चालू होता. बैठक खेळीमेळीत पार पडली आणि वेग मंद असण्याची सतरा संभाव्य कारणं सर्वानुमते निश्चित झाली: पोर्टातली धूळ, वायरीला पडलेले पीळ, हार्डडिस्कचा कोरेपणा, फाइलींचं वजन, अँटिव्हायरसची मुदत, खोलीतली गर्मी, बघ्यांची गर्दी इत्यादी. अठरावं कारण ऑपरेटर सांगणार होता. त्याने तोंड उघडलं, पिवळ्या वायरीकडे एकदा बघितलं आणि "काही नाही, काही नाही," म्हणत चहाचा घोट घेतला. इतिवृत्तात 'सदस्यांनी चहा घेतला' अशी नोंद आहे.

मंगळवारी साडेपाचला अठ्ठावीस टक्के झाले होते. वॉचमनने स्विच बंद केला.

बुधवारी धूळ. वायरमनने हबच्या चारही तोंडांत फुंकर मारली. वेग एक पूर्णांक शून्य एकवर गेला आणि टाळ्या पडल्या. पाच मिनिटांनी तो शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव झाला, तेव्हा फुंकरीतल्या ओलाव्याचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. मग वायर. वायरीत पीळ असला की माहिती वळणावर अडते, असं भांडारपालांचं मत पडलं. (भांडारपालांनी तीस वर्षं पाण्याचे पाइप मोजले आहेत.) म्हणून हार्डडिस्क एका लांब वायरीला जोडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवली आणि वायर अगदी ताठ ताणली. दिवसभर सगळे तिच्यावरून उड्या मारत ये-जा करत होते. वेग तसाच राहिला, मात्र वायरमनचा गुडघा गेला. मधूनच पडद्यावर 'शिल्लक वेळ: पाच मिनिटं' असं झळकलं. कंडक्टरबाई खुर्चीतून उठून काचेपाशी आल्या. मग तिथे 'शिल्लक वेळ: एकशे चार वर्षं' असं आलं आणि त्या परत जाऊन बसल्या. साडेपाचला पुन्हा अठ्ठावीस टक्के. सातत्य हा आमच्या कार्यालयाचा गुण आहे, आणि तो असा आकड्यात क्वचितच दिसतो.

गुरुवारी गर्दीचा मुद्दा घेतला. पट्टीकडे सारखं बघितल्याने ती हळू सरकते, असा अनुभव सदस्यांपैकी शंभर टक्के लोकांना आलेला होता. सबब तासभर पट्टीकडे बघायचं आणि तासभर नाही, असा प्रयोग केला. बघत असतानाचा सरासरी वेग सेकंदाला एक एमबी भरला. न बघतानाचा वेग उपलब्ध नाही, कारण तेव्हा कुणी बघत नव्हतं. त्यानंतर हबचं ओझं कमी करण्याचा प्रस्ताव आला. कीबोर्ड काढला तर ऑपरेटर बेकार होतो. अंगठायंत्र काढलं तर सर्व कर्मचारी गैरहजर ठरतात. राहता राहिला भांडारपालांचा मोबाइल. तो त्यांनी मोठ्या मनाने काढला आणि त्यागाची नोंद इतिवृत्तात करून घेतली. वेग एक पूर्णांक शून्य दोन झाला. अर्ध्या तासाने त्यांना घरून फोन येणार होता, म्हणून मोबाइल परत लावला.

दुपारी नणंद पुन्हा काचेशी आली. मंगळवारी ती फक्त रागावलेली होती. आज तिचा आवाज खाली आला होता, आणि मला विचाराल तर ते जास्त अवघड होतं.

"दादा, कॉपी राहू द्या," ती म्हणाली. "ती चार मिनिटं नुसती पडद्यावर लावा. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढते."

मी तिला 'छायाचित्रणास सक्त मनाई' हा फलक दाखवला. त्या आठवड्यात बाहेरच्या पुष्कळ लोकांनी हिरव्या पट्टीचे व्हिडिओ काढले हे खरं आहे, पण ते गमतीसाठी होते. पुराव्यासाठी काढलेला व्हिडिओ ही फार गंभीर गोष्ट असते.

"मग पंखा का नाही काढत?"

आता मात्र तिला खुलासा करणं भाग होतं. गेल्या वर्षी वस्तूंची मोजणी झाली, तेव्हा मोजणी अधिकाऱ्यांनी जे दिसलं ते लिहिलं: 'संगणक, पंख्यासह, एक नग.' म्हणजे कागदोपत्री तो पंखा हा संगणकाचा अवयव आहे. तो उपटणं म्हणजे सरकारी मालमत्तेचं विभाजन. त्याला निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी लागते, ती वरून येते, आणि तिला तीस दिवस लागतात. मी तिला अर्जाचा नमुनासुद्धा दिला. तिने तो जागच्या जागी भरला, मी जागच्या जागी पोचपावती दिली. आमच्याकडून विलंब झाला असं कुणीही म्हणू शकत नाही.

"आणि साहेब नसताना पंखा कुणासाठी चालू आहे हो?" पावती घेता घेता तिने विचारलं.

हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

गुरुवारी साडेपाचला सत्तावीस टक्के. मोबाइलच्या त्या अर्ध्या तासाचा हा परिणाम असावा, असं वायरमन म्हणाला आणि भांडारपाल त्याच्याशी बोलेनासे झाले.

शुक्रवार हा तिसावा दिवस. समितीची सतरा कारणं संपत आली होती, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, सगळ्यांना थोडं वाईटही वाटत होतं. आपला अभ्यास संपला की वाटतं, तसं. कंडक्टरबाई त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः बोलल्या. तोवर त्या नुसत्या बसून असायच्या, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. बारा वर्षं चालत्या बसमध्ये तोल सांभाळून उभी राहिलेली बाई खुर्चीत बसली की कशी अवघडते ते दिसत होतं. काचेच्या खिडकीत वाकून त्या म्हणाल्या, "साहेब, मी हात धरला होता हो त्यांचा. घट्ट धरला होता. घामेजलेला होता, निसटला. मी ढकललं असतं तर मीच इथे कशाला आले असते बघायला? मला नोकरीचं आहेच, पण माझ्या मुली विचारतात, आई तू खरंच ढकललंस का. त्यांना तेवढं दाखवायचंय."

मी म्हणालो, "बाई, आम्ही सगळे तुमच्यासाठीच झटतोय."

आणि ते खोटं नव्हतं. समितीच्या अहवालाची तोवर एकेचाळीस पानं झाली होती.

चार वाजता एक प्रसंग घडला, ज्याचा अहवालात 'किरकोळ व्यत्यय' म्हणून उल्लेख आहे. ऑपरेटर पाणी प्यायला उठला होता, आत यायचं लाकडी फाटक उघडं राहिलं होतं. नणंद सरळ आत शिरली आणि संगणकापाशी जाऊन खाली वाकली. पिवळी वायर तिच्या बोटांपासून वितभर अंतरावर होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. एकोणीस वर्षांत मी इतक्या चपळाईने दुसरं कोणतंही काम केलेलं नाही.

"सरका बाजूला," ती म्हणाली.

"हात लावलात तर पोलीस बोलवावे लागतील. आणि बाईंवर दुसरा आरोप लागेल. निलंबनाच्या काळात नातेवाइकाकरवी मालमत्तेची नासधूस. विचार करा."

तेवढ्यात काचेपलीकडून कंडक्टरबाईंनी हाक मारली, "वन्सं, नको. या बाहेर. नको म्हणते ना."

"वहिनी, एक झटका फक्त! वीस मिनिटांचं काम आहे गं!"

"या बाहेर," बाई म्हणाल्या. नणंद बाहेर गेली. मी फाटकाला कडी घातली आणि तशी नोंद केली.

साडेपाचला अठ्ठावीस टक्के झाले होते. वॉचमनने घड्याळ बघून स्विच बंद केला. शनिवारी सकाळी साडेदहाला संगणक सुरू झाला आणि सुरू होताच त्याने सर्वात आधी तीस दिवसांपूर्वीचं फुटेज पुसलं. नव्वद जीबी पुसायला त्याला तीन सेकंद लागले. ऑपरेटर त्याच्यासमोर बसला होता. "गेलं," तो म्हणाला, आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्याची त्या दिवसाची हजेरी मात्र अंगठायंत्रावर व्यवस्थित लागलेली आहे.

सोमवारी चौकशीत बाईंकडे पुरावा मागितला गेला. फुटेज नव्हतं. कार्यालयातर्फे मी समितीचा अहवाल सादर केला. चौकशी अधिकाऱ्यांनी तो चाळला आणि इतका सखोल अहवाल आपण प्रथमच बघत आहोत असं म्हणाले. बाईंना बडतर्फ करण्यात आलं. बाहेर पडताना त्यांनी गणवेशाचा बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला, मी तो जमा करून घेतला. त्यांना काहीतरी म्हणावं असं मला वाटलं, पण जमा पावतीवर शेऱ्यासाठी जागा नसते.

त्याच दिवशी दुपारी साहेब रजेवरून परतले. खुर्चीत बसले, दोनदा शिंकले आणि वैतागून म्हणाले, "हे धूड अजून आहे का इथे? आधीच्या साहेबांचं आहे ना हे? मला वारा चालत नाही. चार महिने खुर्ची तिरकी करून बसतोय मी. म्हटलं, कार्यालयाची पद्धत असेल." मग त्यांनी खाली वाकून दोन बोटांनी वायर ओढली. वायर निघाली. त्याला किती वेळ लागला हे समितीने मोजलं नाही, कारण समिती त्या सकाळीच विसर्जित झाली होती. निळा पोर्ट आता मोकळा आहे. त्याचा कुणी गैरवापर करू नये म्हणून मी त्यावर लाखेचं सील लावून घेतलं आहे.

इथवर वाचून तुमची मूठ वळली असेल. मला ठाऊक आहे. ज्या कुणाला मी हे सांगितलं, त्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: "मी तिथे असतो ना, तर सरळ वायर उपटली असती." तुम्हीही मनात तेच म्हणालात, आणि आमच्यासारख्यांना दोन शिव्याही घातल्यात. घाला.

पण असतो म्हणजे काय? तुम्ही होतात की तिथे.

आमच्या कार्यालयात काचेसमोर अकरा खुर्च्या आहेत. शेजारच्या खिडकीवर मासिक पास मिळतो, त्यासाठी टोकन घेऊन लोक तिथे बसतात. त्या चार दिवसांत दोनशे बारा जण बसून गेले. खुर्चीतून संगणक दिसतो, निळा पोर्ट दिसतो, पिवळी वायर दिसते, रिकाम्या खुर्चीवर फिरणारा पंखा दिसतो. सगळं स्वच्छ दिसतं, काच मी रोज पुसून घेतो. शुक्रवारी नणंद फाटकातून बाहेर आली, तेव्हा ती खुर्च्यांकडे वळून म्हणाली होती, "अहो, तुम्ही तरी कुणी बोला ना! नुसतं 'काढा तो पंखा' म्हणा. दहा जण म्हणालात तर काढतील ते. पाया पडते तुमच्या." एकाने मान हलवून "खरंय बाई, काय हा कारभार" म्हटलं आणि टोकनचा नंबर बघितला. एकाने हिरव्या पट्टीचा व्हिडिओ काढला. दोघं मोबाइलमध्ये आणखी खोल गेले. बाईंच्या शेजारचे गृहस्थ एक खुर्ची सोडून पलीकडे सरकले.

आणि एकाने उठून भिंतीवरच्या सूचनावहीत लिहिलं. त्या आठवड्यात वहीत आलेली ती एकमेव सूचना. सही अस्पष्ट आहे, अक्षर सुशिक्षित आहे: 'आत कुणी बसलेलं नाही. पंखा कृपया बाहेरच्या बाजूला वळवावा, फार उकडतंय.'

सूचना वाजवी होती आणि पंखा वळवायला मंजुरी लागत नाही. मी स्वतः उठून तो वळवला आणि खिडकीची काच वर केली. वीस सेकंदांत काम झालं. (सोमवारी साहेब यायच्या आधी तो पुन्हा खुर्चीकडे तोंड करून ठेवला.) पहिल्या तीन खुर्च्यांपर्यंत वारा येत होता, आणि तुमचा नंबर येईपर्यंत तुम्ही तिथेच बसला होतात. त्यानंतर साडेपाचपर्यंत कुणाचीही तक्रार आली नाही.